पुसायच्या बटणावरचं कुंकू

मित्रांनो, माझ्या एका बटणावर कुंकवाचा डाग आहे. तो तिथं कसा लागला हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी व्हायची नाही. मी एक जुना स्कॅनर आहे. पडदा काडेपेटीएवढा, वायर हातभर. गाडीच्या स्टेअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात मला जोडलं की गाडीला काय दुखतंखुपतं ते मला कळतं.

सोलापुरात शुक्रवार पेठेत जोतिराम नावाचा माणूस सात जणांची गाडी भाड्यानं चालवायचा. इंजिनाचा दिवा लागला की गॅरेजवाले तोंडाला येईल ते सांगत, म्हणून त्यानं घरीच तपासायचं ठरवलं. दुकानात भारीतली यंत्रं ओळीनं मांडलेली होती. हा गडी भुलला नाही. "माझ्या गाडीला लागतंय का आणि दुखणं नीट सांगतंय का, तेवढंच बघणार. बाकीची चैन नको," म्हणाला. गाडीला लावून पाहिलं, मगच मला घेतलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "चंद्रिका, स्वस्तातलं हाय, पर खरं बोलतंय." त्या दिवशी मला माझा कोण अभिमान वाटला!

पाच वर्षं मी त्याच्याकडं राबलो. मी सांगावं, त्यानं दुरुस्त करावं. पेठेतले लोकही आपापल्या गाड्या घेऊन यायचे. खंडेनवमीला चंद्रिका मला पान्यांशेजारी पाटावर मांडायची, कपाळी कुंकू लावायची. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, त्यालाही विसावा द्यायचा, अशी आमच्याकडची रीत.

पुढं गाडी थकली. माणसांनी भरली की तापायची. इंजिन जास्त तापतंय, हे मी चारदा सांगितलं. काम मोठं निघालं, तेव्हा जोतिरामनं ती विकायला काढली. गिऱ्हाईक कोण, तर त्याचाच बालमित्र सिदू, मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरचा. वस्तीवरची पोरं शाळेत न्यायला-आणायला त्याला गाडी हवी होती, आणि ती दसऱ्याच्या मुहूर्तावरच न्यायची होती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मी पाटावर होतो, कुंकू अजून ओलं होतं. जोतिरामनं इकडंतिकडं बघितलं आणि मला उचललं. कुंकू त्याच्या अंगठ्याला लागलं.

"आवो, आज कशाला उचलताय त्याला?" चंद्रिकानं विचारलं.

"गप की," तो म्हणाला.

गाडीत बसून त्यानं पुसायचं बटण दाबलं. दुखणं होतं तिथंच राहिलं, माझं सांगणं तेवढं पुसलं गेलं. मला फार वाईट वाटलं, पण मी पडलो यंत्र.

दसऱ्याला सिदू आणि त्याची बायको बनाबाई आली. जोतिरामनं मला जोडून पडदा दाखवला. दोष नाही! "यंत्रच सांगतंय, मी आनि काय सांगू?" तो म्हणाला. सिदूनं माझ्या कपाळाचं कुंकू बघितलं आणि चक्क हात जोडले. "पुजल्यालं यंत्र हाय. खोटं कशाला बोलंल?" मग चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि दोघं गाडी घेऊन गेले.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्याच दिवशी गाडी पोरांनी भरलेली, आणि चार किलोमीटरवर वाफ निघाली. सिदूनं घाईनं पाण्याचं झाकण उघडलं, तर उकळतं पाणी त्याच्या हातावर उडालं. पोरं उन्हातनं चालत घरी गेली, गाडी ओढून वस्तीवर आणावी लागली. दुसऱ्या दिवशी एकाही आईनं पोर पाठवलं नाही.

हाताला पट्टी बांधून सिदू एसटीनं पेठेत आला. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. "जोतिराम, तुला ठावं हुतं का? तेवढंच सांग."

जोतिरामनं माझ्याकडं बोट दाखवलं. "मला काय ठावं? स्वस्तातलं यंत्र हाय, चुकलं आसंल. घेऊन जा तुलाच. मी भारीतलं घेणार हाय."

मित्रांनो, ज्यानं मला स्वस्त म्हणून मिरवलं, त्यानंच स्वस्त म्हणून माझ्यावर खापर फोडलं. पाच वर्षांत मी एकदाही खोटं बोललो नव्हतो. त्यानं माझं तोंड दाबलं, आणि वर मलाच खोटं ठरवलं.

वस्तीवर सिदूची लेक वैष्णवी हिनं मला गाडीला जोडलं. तापाचं दुखणं पडद्यावर परत आलंच होतं. तिनं पुढचं पान काढून वाचलं. "आबा, दोष पुसल्यापासून गाडी चौसष्ट किलोमीटर चाललीय म्हनं."

सिदूनं बोटं मोजली. पेठेतनं वस्ती साठ. वस्तीवरनं गाडी बंद पडली तिथवर चार. म्हणजे दोष पेठेतच पुसला होता. वैष्णवीनं मला उजेडात धरलं. पुसायच्या बटणावर कुंकवाचा अंगठा उमटला होता. सिदूनं आपला अंगठा त्या ठशावर टेकवून पाहिला. मग म्हणाला, "यंत्र न्हाय चुकलं."

त्यानं इंजिनाचं काम करून घेतलं. आता रोज सकाळी पोरं बसायच्या आधी तो त्यांच्या आयांसमोर मला जोडतो. आया पडदा बघतात, मग पोरं गाडीत चढतात.

मित्रांनो, अवजार स्वस्तातलं घ्या खुशाल. पण त्यानं सांगितलेलं दुखणं बरं करा, पुसू नका. आणि ज्याला पाटावर बसवून पुजलं, त्याच्या तोंडून खोटं वदवू नका.

गेल्या खंडेनवमीला बनाबाई माझा डाग पुसायला निघाली. "त्यो राहू दे. नवं कुंकू वर लाव," सिदू म्हणाला. तेवढ्यात जोतिरामचा फोन आला. सिदूनं नाव वाचलं, फोन माझ्याशेजारी पाटावर ठेवला आणि तो वाजून थांबेपर्यंत बनाबाईनं जुन्या डागावर नवं कुंकू लावलं.