रूळ डाव्या हाताला

मनकर्णाबाईची तक्रार साधी होती. पोरगा डोळ्यांसमोरून गेला अन् वाकला नाही.

तेही लपूनछपून नाही. भर सकाळी, मळ्यात मोगऱ्याची तोडणी चाललेली, मजुरणींच्या देखत. आवाज कानी आला तशी तिनं टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मान वर करून उभी राहिली. विमान आलं, पण रेल्वे लाइनीच्या पलीकडून. बोटाएवढं दिसलं आणि अकोल्याकडे निघून गेलं. शेजारच्या वावरातली गंगूबाई टपलेलीच होती. बांधाच्या धुऱ्यावरून म्हणाली, "काय वो मनकर्णाबाई, पोट्टा आज मावशीच्या घरून गेला वाट्टे?"

मनकर्णाबाईनं ते ऐकलं न ऐकलं केलं. पण त्या दिवशी तोडलेल्या मोगऱ्यात अर्ध्या कळ्या देठ मोडून आल्या.

कुरूम गावाबाहेर, लाइनीच्या खालच्या अंगाला तिचा मळा. मोगरा, केळी, थोडी वांगी. नवरा गेल्यावर तिनं हा मळा जिभेच्या जोरावर राखला, असं गावात म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. या घराची एक रीत होती. बाहेर निघणारानं निघताना तिच्या पाया पडायचं. परत आल्यावर पडला न पडला, तिला त्याचं काही नव्हतं. आलेलं माणूस समोर दिसतंच; आशीर्वाद लागतो तो जाणाऱ्याला. फुलांची बंडी अमरावतीच्या बाजाराला निघाली तर गाडीवान फाटकाशी थांबून बैलांच्याही माना खाली दाबायचा. पुढं पुढं बैल आपणहूनच फाटकाशी वाकू लागले. पाहुणे ते पाहायला उभे राहत आणि मनकर्णाबाई आपलं लक्ष नसल्यासारखं करी.

तिचा पोरगा उत्तम याच बैलांमागं वाढला. नागपूरच्या एका शेठजीकडे मोटार चालवायला लागला. शेठजीनं विमान घेतलं तेव्हा यालाच विमान शिकायला पाठवलं. दोन पंखांचं, कापडाच्या अंगाचं, उघड्या बैठकीचं विमान. त्यातून पहिल्यांदा अकोल्याहून नागपूरला परतताना त्यानं मळ्यावर आल्याबरोबर विमानाचं नाक खाली घातलं आणि उचललं. अगदी फाटकातल्या बैलासारखं. तेव्हापासून परतीच्या वाटेवर तो दरवेळी असा वाकायचा. पण निघतानाचा नमस्कार मात्र त्यानं अजून एकदाही केला नव्हता, आणि मनकर्णाबाईच्या मनात तोच सलत होता.

पुढच्या रविवारी उत्तम आगगाडीनं घरी आला. ताटात भाकर पडायच्या आधी आईचं तोंड सुटलं.

"तुह्या इमानाची मान आखडली होती काय रे परवा?"

"माय, जाताना इकडून येता येत नाही. नियम हाय थो."

"कोनाचा नियम? या घरात नियम माहा हाय."

उत्तम हसला. चुलीजवळची फुंकणी उचलून त्यानं जमिनीवर आडवी ठेवली. "हे समज रूळ. आमाले वर काही पाटी नसते, का वाट नसते. उघड्या डोयानं खाली पाहाचं अन् रूळ धरून जाचं. अन् रूळ नेहमी आपल्या डाव्या हाताले ठेवाचे. जाणारानंबी अन् येणारानंबी." दोन्ही हातांची बोटं त्यानं फुंकणीच्या दोन अंगांनी उलटसुलट सरकवली. "म्हंजे जाणारा या आंगानं, येणारा त्या आंगानं. गाठ पडत नाही. अकोल्याले जाताना मी रुळाच्या वरच्या आंगानं असतो, वापस येताना खालच्या. आपला मळा खालच्या आंगाले, म्हनून येताना वाकता येते."

"अन् चुकून तोंडातोंडी आले तं?"

"तं दोघायनंबी आपापल्या उजवीकडे वळाचं."

"अन् धुरळ्यात रूळच दिसले नाही तं?"

"तं वापस फिराचं. दिसते तवरच उडाचं, हा पयला नियम."

मनकर्णाबाईनं फुंकणी उचलली, चुलीत जोरानं फुंकर मारली आणि डोळे पुसत म्हणाली, "या फुंकणीपाई मायले सोडून गेला म्हना. आभायात काय बंड्यायची रांग लागली हाय? तुह्याशिवाय एकबी इमान पाह्यलं नाही मी इकडे."

"येऊन राहिले माय आता. बाळापूरचा रऊफ म्हनून पोट्टा हाय, मुंबईकडून येते कधी कधी."

"त्याले त्याची माय हाय. तू माहं आयक. अखजीले शेठजीले आनाले अकोल्याले जानार ना? इकडून जाजो. साऱ्या बाया बलावून राहिली मी. नाही वाकला तं या उंबऱ्यात पाय टाकू नोको."

उत्तमनं भाकर मोडली आणि वांग्याच्या भाजीत बुडवली.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी विहिरीभोवती बाया जमल्या. मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून मोगऱ्याच्या वाफ्यात उभी होती. ऊन चढलं तसा अकोल्याकडून वारा सुटला आणि धुरळा उठला. आधी रुळापलीकडची निंबाची झाडं गेली, मग तारेचे खांब गेले. रूळही असून नसल्यासारखे झाले.

गंगूबाई पदर नाकाला लावून म्हणाली, "आज नाही येत तुहा पोट्टा. यात त्याले सोताचं नाक तरी दिसन काय?"

"येईन. माहा हाय थो."

बोलून गेली आणि तिला फुंकणी आठवली. धुरळ्यात रूळ दिसले नाही तर वापस फिरायचं. तिनं नागपूरच्या अंगाला, बडनेऱ्याच्या दिशेला कान लावला. फिरला असेल, असं एकदा वाटलं. फिरू नये, असंही वाटलं. आणि आवाज आला.

आवाज रुळाच्या या अंगाला होता. बायांनी एकच कल्ला केला. धुरळ्यातून विमान निघालं ते इतकं खाली, की त्याच्या पंखाच्या काड्या दिसल्या. मळ्यावर आलं आणि त्यानं नाक खाली घातलं. मनकर्णाबाईची छाती भरून आली. तिनं हात वर केला. तोंडात आशीर्वाद होता.

तेवढ्यात तिला दुसरा आवाज ऐकू आला.

तो अकोल्याकडून येत होता. तोही खाली, तोही रुळाच्या याच अंगाला. रूळ दिसावे म्हणून खाली उतरलेला असणार. उत्तमच्या कानात त्याच्याच इंजिनाची घरघर. त्याला तो ऐकू यायचा नव्हता, आणि डोळे तर आईच्या पायांशी लावलेले. मनकर्णाबाई वर केलेला हात हलवू लागली. जा, जा, तिकडे जा! बायांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद देऊन राहिली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

धुरळा फाटला आणि दुसरं विमान समोर आलं. तसंच दोन पंखांचं, तसंच कापडाचं.

मनकर्णाबाईनं डोळे मिटले. नवऱ्याच्या चितेसमोर तिनं डोळे मिटले नव्हते, आता मिटले.

टक्कर झाल्याचा आवाज आला नाही. डोक्यावरून काहीतरी सूं करून गेलं, अंगावर मोगऱ्याचा पाला उडाला, मग केळीच्या अंगाला टर्रकन फाटल्याचा, मोडल्याचा आवाज. आणि मग एक इंजिन लांब जात असलेलं. एकच.

"पडलं वो माय! पडलं!"

"कोनतं?" मनकर्णाबाई ओरडली. "कोनतं पडलं?"

कोणाला सांगता येईना. सगळ्यांनी धुरळा पाहिला होता. गंगूबाईनं तिचा दंड धरला. मनकर्णाबाईनं दंड सोडवला आणि केळीत धावली. नवं लुगडं केळीच्या चिकानं माखलं. विमान खुंटांवर आडवं झोपलं होतं, एक पंख घडी घातल्यासारखा दुमडलेला. बैठकीत एक पोरगा, कातडी टोपी डोळ्यांवर आलेली, कपाळातून रक्त, एक हात भलत्याच बाजूला वळलेला. अंगकाठी उत्तमचीच. ती देवाचं नाव घेत नव्हती, शिव्या देत होती. तिनं टोपी ओढली.

उत्तम नव्हता.

तिच्या आतून एकदम सुख उसळलं. माहा नाही! आणि पोराचे डोळे उघडून तिच्याकडे लागले तेव्हा त्या सुखाचीच तिला किळस आली.

"माँजी," तो म्हणाला, "दुसरा कुठी पडला? दुसरा होता एक... समोर."

"तू कोन रे बाप्पा?"

"रऊफ. बाळापूरचा." त्यानं ओठ चाटले. मग शाळेत मार बसलेलं पोर सांगतं तसं सांगू लागला, "रूळ माह्या डाव्या हातालेच होते, माँजी. उजवीकडेच वळलो मी. मी बराबर होतो."

मनकर्णाबाईच्या डोळ्यासमोर फुंकणी आली, आणि तिच्या दोन अंगांनी सरकणारी बोटं. तिनं लुगड्याचा पदर दातात धरून फाडला आणि त्याच्या कपाळाला बांधला.

"हाव लेका. तूच बराबर होता."

बायांनी खाट आणली. रऊफला उचलून खाटेवर घातलं. स्टेशनवर निरोप धाडून गाडी थांबवायची आणि त्याला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. खाट फाटकाशी आली तोच रुळाकडून उत्तम पळत येताना दिसला. पडीत वावरात विमान उतरवून आला होता. तोंड धुरळ्यानं पांढरं. त्यानं खाट पाहिली, खाटेवरचा पोरगा पाहिला, आणि त्याला दुसरं काय सुचणार? लहानपणापासूनची सवय. तो आईच्या पायांवर वाकला.

मनकर्णाबाईनं पाय मागं घेतले.

सगळ्या बाया बघत होत्या. गंगूबाईही. हाच मान सगळ्यांना दाखवायला मनकर्णाबाईनं आज त्यांना बोलावलं होतं.

"माय, तूच म्हटलं होतं..." उत्तम म्हणाला.

"हाव, म्याच म्हटलं. साऱ्यायच्या देखत सांगतो, म्याच म्हटलं. मी अडानी बाई, मले मान पाह्यजे होता, म्या मांगतला. पन रूळ काय असते थे तुले ठाऊक होतं. मायले नाही म्हनाची हिंमत नव्हती, तं इमानात कायले बसला रे? सरक तिकडे. पयले या पोट्ट्याच्या पाया पड. मंग बाळापूरले जाजो अन् त्याच्या मायच्या पाया पड. इमानाच्या सायबाले तुह्याच तोंडानं सांगजो, का मी कोन्या आंगानं होतो अन् काहून होतो. त्यायनं तुले पुन्हा उडू देल्लं, तं उड. पन निंगताना माह्या डोक्यावरून येऊ नोको. पल्याडून जाजो, मान ताठ ठेवून, बोटाएवढा. नाही दिसला मले तरी चालते. बिनावाकता गेला, तवाच समजीन मी, का माहा पोट्टा माह्या पाया पडून गेला."