लंगोटावरचा काळा डाग

मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. माझं कामच संशयाचं होतं.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या कोष्टी विणकरांच्या वस्तीत कुसुमताई डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे माझ्या पोटात लोखंडाच्या क्षाराचं पिवळं पाणी असे. माझे थेंब लघवीवर पडून हिरवा रंग आला, की ताईंना एका आजाराचा संशय येई. त्यात अन्नातला एक घटक पचत नाही आणि मेंदू खुंटतो. तान्हेपणीच कळला तर पथ्याने मूल सांभाळता येतं.

वस्तीतल्या प्रेमिलाची पाच वर्षांची गोपिका बोलत नव्हती. तिच्या तपासणीत हिरवा रंग आला.

"हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो. तिच्या तान्ह्या भावालाही तपासायला हवं," ताईंनी सांगितलं.

सासू तुळजाबाईंना ते मुळीच पटलं नाही. "आमच्या घरात असं कोनी नाही. हे हिच्या मायेरचं हाय. लहान्यालेबी निघालं, तं हिनं दोन्ही लेकरं घेऊन मायेरी उमरेडले जावं, कायमचं." मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "यात काय हाय, बाई?"

"लोखंडाचं पाणी."

तुळजाबाईंनी मला पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा ओला लंगोट त्यांनी स्वतः आणला. माझे दोन थेंब पडताच काळपट हिरवा डाग उठला. प्रेमिलाने बाळाला छातीशी धरलं.

"पाह्यलं? मी म्हनतच होती!"

मला काही तो रंग माझा वाटेना. माझा हिरवा थोड्या वेळाने फिका पडतो. हा तर गडद होत चालला होता. ताईंनाही शंका आली. त्यांनी लंगोटाच्या कोरड्या कोपऱ्यावर थेंब टाकला. तोही काळा! मग त्यांनी बाळाची ताजी लघवी काचेच्या नळीत घेतली. थेंब टाकले. हिरवा रंग आलाच नाही.

प्रेमिलाने लंगोट उचलून हुंगला. "हे हिरड्यात भिजवलेल्या सुताचं कापड हाय."

"चुकून आलं असंन," तुळजाबाई म्हणाल्या.

"मामीजी, हिरड्यावर लोखंड पडलं की काळं होते, हे मले तुमीच शिकवलं. सूत रंगवतानी," प्रेमिला सासूला म्हणाली.

बाळाला घ्यायला तुळजाबाईंनी हात पुढे केले, तेव्हा प्रेमिलाने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी कुठीच जात नाही," ती म्हणाली. "आन् आजपासून याचे लंगोट मीच धुईन."

आता मी फळीवर धूळ खात पडले आहे. मला पुसलं नाही तरी चालेल, मित्रांनो. पण कोणाचं मूल आजारी असेल, तर आधी माझ्यावर संशय घ्या, मग कापडावर घ्या, आणणाऱ्या हातावर घ्या. त्याच्या आईला तेवढं सोडा.