सोलापूरचं बोलावणं

मार्तंडराव भांडुपच्या पंपांच्या कारखान्यात टाइम ऑफिसचे हेडक्लार्क होते, पण नव्या माणसाला ओळख करून देताना ते 'फुटबॉल संघाचा सेक्रेटरी' एवढंच सांगत. संघ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. छप्पन सालच्या पावसाळ्यात त्याच संघाने त्यांना जीव नकोसा करून सोडला होता.

कारण गुणाजी परब. मे महिन्यात घाटकोपरला एका स्पर्धेत मार्तंडरावांनी ह्या कोकणातल्या पोराला धावताना पाहिलं आणि ते खुळेच झाले. परळच्या गिरणीतली नोकरी सोडायला लावून त्यांनी त्याला भांडुपला आणलं, फिटरच्या हाताखाली लावलं, चाळीत खोली मिळवून दिली. गावाहून त्याची बायको जानकी आली. सगळं यथासांग झालं, फक्त गोल झाला नाही. जूनपासून अकरा सामने, गोल एकही नाही. चिखलात गुणाजीचे पाय रुतत, चेंडू सुटून जाई, आणि बाहेर उभे असलेले कामगार मार्तंडरावांकडे बघून मुद्दाम खोकत. मेमधलं ते मैदान फरशीसारखं टणक होतं आणि आपले सामने तर भर पावसात होतात, एवढी साधी गोष्ट पंचवीस वर्षं फुटबॉल बघणाऱ्या ह्या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. आता आली होती. पण कबूल कोण करणार?

आठ दिवसांपूर्वी सोलापूरच्या एका गिरणीच्या संघाकडून पत्र आलं. आमचं मैदान कोरडं असतं, गुणाजी आम्हाला द्या, त्याला कायमची नोकरी आणि खोली देतो. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत होकाराची तार केली नाहीत, तर जागा दुसऱ्याला जाईल. खेळाडू सोडायला सही सेक्रेटरीची लागे, म्हणजे मार्तंडरावांचीच. त्यांनी पत्र कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि कारखान्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. पोराला सोडला तर आपली चूक चव्हाट्यावर येणार. ठेवला, तर मॅनेजर विद्याधर देसाईंनी आधीच बजावलं होतं, की सीझन संपेपर्यंत गोल दिसला नाही तर त्याला कामावरून काढणार. म्हणजे नोकरीबरोबर खोलीही गेली. वसुधाबाईंनी, मार्तंडरावांच्या बायकोने, शनिवारी सकाळी एवढंच विचारलं, की पत्र त्याच्याबद्दलचं आहे तर ते तुमच्या खिशात का? मार्तंडराव चहा अर्धा टाकून उठले.

वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं. आज गोल झाला तर पत्र फाडायचं, नाही झाला तर तार करायची. दुसऱ्याच्या संसाराचा जुगार आपण खेळतोय हे त्यांना कळत होतं, आणि तरीही ते खेळत होते.

मिठागरांच्या बाजूच्या मैदानावर चारला सामना सुरू झाला. पहिल्या अर्ध्यात गुणाजी तीनदा पडला. मार्तंडरावांनी घड्याळ इतक्या वेळा पाहिलं, की शेजारच्या माणसाने कुठे जायचंय का म्हणून विचारलं. पाच वाजले. पाचला दहा मिनिटं झाली. आणि गोलीसमोरच्या डबक्यात चेंडू अडकला, गोली त्याच्यावर झेपावताना घसरला, आणि गुणाजीने गुडघ्याने तो आत ढकलला.

मैदान दणाणलं. मार्तंडरावांनी खिशात हात घालून तिथल्या तिथे पत्राचे दोन तुकडे केले. सुटलो, असं त्यांना वाटलं. पाच मिनिटांत शिट्टी झाली. विद्याधर देसाई छत्री सोडून चिखलातून चालत आले, सगळ्यांसमोर त्यांनी मार्तंडरावांची पाठ थोपटली आणि जाहीर केलं, की नजर असावी तर अशी, आता ह्या पोराला पाच वर्षं सोडायचा नाही.

गुणाजी मात्र हसला नाही. गर्दी जरा पांगल्यावर तो जवळ आला आणि खाली बघत बोलला.

"साहेब, तो गोल माझो नाय, चिखलाचो. असो परत होवचो नाय. सोलापुराक माझो मेवणो आसा, त्याचो कागद इलो. आठ दिस तुम्ही सांगशात म्हणान वाट बघतंय. तुमची मान खाली जाव नये म्हणान गप रवलंय. आता तरी माका सोडा."

मार्तंडरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोराला सगळं ठाऊक होतं. आठ दिवस तो कामावर रोज नमस्कार करत होता आणि ते रोज मान डोलावत होते. साडेपाच होत आले होते.

ते तसेच विद्याधररावांकडे गेले. भोवती अख्खा संघ होता.

"साहेब, मी गुणाजीला सोलापूरला सोडतोय. तार करायला निघालोय."

"आज? गोल मारल्यावर? डोकं फिरलंय का तुमचं?"

"टणक मैदानावर बघून मी त्याला चिखलात आणला. निवडतानाच चुकलो."

"मग इतके दिवस तोंड का शिवलं होतंत?"

"तेव्हा सोडला असता तर लोक मला हसले असते," मार्तंडराव म्हणाले. "म्हणून."

कुणी हसलं नाही. विद्याधररावांनी थंडपणे सांगितलं, की सोमवारी संघाची कपाटं नव्या सेक्रेटरीच्या ताब्यात द्या. ते शब्द मार्तंडरावांच्या काळजात रुतले, पण वाद घालायला वेळ नव्हता.

गुणाजीला घेऊन ते तारघरात पोचले, पत्राचे दोन तुकडे जुळवून त्यांनी पत्ता उतरवला, आणि सहाला सात मिनिटं कमी असताना तार गेली. कारकुनाने पावती पुढे सरकवली. मार्तंडरावांनी ती गुणाजीच्या हातात दिली. पोराचे डोळे भरून आले आणि तो पाया पडायला वाकला.

मार्तंडराव झटकन मागे सरले.

"नको रे," ते म्हणाले. "आजही तुला मी आपणहून सांगितलं नाही."