दहावं बोट

पाडव्याच्या पहाटे कुंदाबाई अंगणात आल्या, तेव्हा तुळशीभोवतालची हवा पांढरीशुभ्र झाली होती. नरडाण्यात हंगामाच्या दिवसांत हे असंच असतं. समोर तरंगतंय ते धुकं, की कापसाच्या जिनिंगमधून उडालेली रुई, हे सांगता येत नाही. जिनिंग अजून सुरू व्हायचं होतं, म्हणजे धुकंच असणार. तरी कुंदाबाईंनी सवयीनं पदर नाकाला लावला आणि मग स्वतःशीच हसल्या.

त्यांचा नेम लग्नाआधीपासूनचा. तुळशीला पाणी, देवांना गंध, पोथीचा एक अध्याय, आणि तो संपेपर्यंत मौन. पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात ताप असो, त्यात खंड नाही. सहाणेवर खोड फिरू लागलं की त्यांना फार शांत वाटायचं. जणू कुणी दूरवर जातं ओढतंय आणि त्या घरघरीत आपल्याला गाढ झोप लागतेय.

गंध उगाळून झालं. अनामिकेनं त्यांनी एकेका देवाला टिळा लावला. बाळकृष्णाला, अन्नपूर्णेला, कानबाईच्या नारळाला. मग हात कोनाड्यातल्या फोटोपाशी आला आणि रोजच्यासारखा तिथंच थांबला.

फोटो रुपचंदांचा. आषाढात ते गेले. तेराव्याला जाऊबाई भिकुबाईंनी हळूच कानात सांगितलं होतं, "कुंदा, आता भाऊजींना गंध या बोटानं लावायचं गं." आणि त्यांनी स्वतःची तर्जनी वर केली होती. देवाला अनामिकेनं, आपल्याला मधल्या बोटानं, पितरांना तर्जनीनं. हे कुंदाबाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ज्याच्यासोबत आयुष्य काढलं त्याला एका सकाळी पितरांत नेऊन बसवणं वेगळं. तर्जनी गंधात बुडायची, वर यायची आणि तशीच सुकायची. आषाढापासून फोटोचं कपाळ कोरंच होतं.

"जाऊ द्या, उद्या लावीन," आजही त्या मनातल्या मनात म्हणाल्या आणि पोथी उघडली.

यंदा घरात दिवाळी नव्हती. आकाशकंदील नाही, फराळ नाही. पण आज गिरधरशेठच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त होता आणि वजनकाट्यावर बसायचं होतं कुंदाबाईंना. त्या काट्यावर इतकी वर्षं रुपचंद बसत. त्याआधी ते आत मशिनीवर होते. तरुणपणी एकदा पट्टा सरळ करायला गेले आणि डाव्या हाताच्या अनामिकेची दोन पेरं गेली. मग शेठनं त्यांना काट्यावर बसवलं. ते स्वतः त्याचं दुःख करीत नसत. "देवानं माझ्याकडचं देवाचंच बोट मागून घेतलं," असं म्हणून उरलेला खुंट हलवून दाखवायचे. लहान पोरं घाबरायची आणि मग पुन्हा दाखवा म्हणून मागं लागायची.

कुंदाबाई रोज दुपारी डबा घेऊन जात आणि काट्याच्या खोलीतच टेकत. भरल्या ट्रॉलीचं वजन, मग रिकामीचं, मग वजनाची पावती म्हणजे काटापट्टी, हे सगळं त्यांना बघूनबघून येऊ लागलं होतं. म्हणूनच दसऱ्याला गिरधरशेठ स्वतः घरी आले. "वहिनी, परका माणूस बसवायला माझा जीव होत नाही. तुम्ही सांभाळा काटा," म्हणाले. कुंदाबाईंनी मान खाली घातली. पोथीतला दोरा बोटाभोवती गुंडाळत होत्या. मग "बरं" म्हणाल्या.

जिनिंगकडं जाताना रस्ता दिसतच नव्हता. कडेच्या बाभळी एकेक करून पुढं यायच्या, ओळखीच्या माणसांसारख्या, आणि मागं विरून जायच्या. चालता चालता कुंदाबाईंना मागचा एक पाडवा आठवला, थंब नवीन आला तेव्हाचा.

थंब म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी, वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेली. वर बोटभर काच आणि काचेखाली तांबूस उजेड, समईची वात बारीक केल्यासारखा. बोट ठेवलं की काट्याचं पान उघडायचं. "पासवर्ड काय, सगळ्या गावाला कळतो," गिरधरशेठ म्हणाले होते, "बोट कोण चोरणार?" त्या पाडव्याला काट्याची पूजा करायला त्यांनी कुंदाबाईंनाच बोलावलं होतं. कुंदाबाईंनी काट्याला गंध लावलं, कॉम्प्युटरला लावलं आणि नवी वस्तू दिसली म्हणून थंबच्या काचेवरही अनामिकेनं ठसठशीत टिळा ठेवला. सगळे हसले. शेठ म्हणाले, "वहिनी, आंधळा केला की तुम्ही त्याला!"

रुपचंदांनी रुमालानं काच पुसली, कुंदाबाईंचं बोटही पुसलं आणि म्हणाले, "कोरडं बोट लाव. गंध पुरे झालं त्याला."

"गंधाशिवाय कसली हो पूजा?"

"याला अशीच आवडते. लाव. उचल. पुन्हा लाव. अजून एकदा."

त्या लावत गेल्या. काचेतला उजेड बोटाच्या कडेनं पाझरायचा आणि बोट आतून पेटल्यासारखं दिसायचं. रुपचंद पडद्याकडं बघत मिशीत हसत होते. आपली थट्टा चाललीय असं वाटून कुंदाबाईंनी शेवटी हात ओढून घेतला. घरी येईपर्यंत त्या लटक्या रुसल्या होत्या, आणि रात्रीच्या ओवाळणीला त्यांनी मुद्दाम निरांजन जरा लांबूनच फिरवलं होतं.

जिनिंगच्या फाटकाशी हार लावलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. मुहूर्ताचा मान यंदा चैत्राम आबांचा, सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले. ट्रॉलीतला कापूस धुक्यात मिसळून गेला होता. आबा जणू ढगाच्या ढिगाऱ्यावर बसले होते.

"काय व माय, काटा चालू शे ना? रातले निघेल शे मी. बठ्ठा कापूस दवमा वल्ला व्हई ग्या."

"दवाचं वजनही आमच्याच गळ्यात मारणार का आबा?" आतून गिरधरशेठ ओरडले.

"दव काय मन्हा खिसामा ठेयेल व्हतं का, शेठ?"

हसू उठलं आणि धुक्यात कुठंतरी जाऊन विझलं. कुंदाबाई काट्याच्या खोलीत शिरल्या. खुर्चीवर रुपचंदांची चौकडीची उशी तशीच होती. त्या कडेला अंग चोरून टेकल्या.

कॉम्प्युटरपाशी भूषण होता, धुळ्याच्या देवपुरातून आलेला तंत्रज्ञ. हे काम त्याच्याकडं नवीनच आलेलं. रुपचंदांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

"या काकू. तुमचं बोट घालून टाकू, दोन मिनिटांचं काम." आणि मग कळफलकावरचे त्याचे हात थांबले. "अरेच्चा."

"काय झालं?"

"दहाच्या दहा जागा भरल्यात. यात दहाच बोटं बसतात. आधीच्या काकांनी सगळी बोटं देऊन ठेवलीत."

कुंदाबाईंना नवल वाटलं नाही. कापसाच्या कामात बोटांची सालं निघतात, बोंडांचे काटे रुततात, थंडीत भेगा पडतात. आज ओळखलेलं बोट उद्या थंब ओळखत नाही. रुपचंद एकेक बोट ठेवून बघत, चिडत आणि एखाद्या बोटाला पान उघडलं की त्या बोटाची पापी घेत.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय, जुनी काढून टाकू. सगळीच काढतो, आता ती कुणाच्या कामाची..." बोलता बोलता भूषणचं लक्ष उशीकडं, मग कुंदाबाईंच्या मोकळ्या गळ्याकडं गेलं आणि तो गोरामोरा झाला. "म्हणजे... एक काढलं तरी चालेल काकू. एक जागा झाली की पुरे."

"आणि तुझ्याकडनं काटा नाही उघडत?"

"माझ्या पासवर्डनं हे बोटांचं पान तेवढं उघडतं. काट्याचं बोटाशिवाय नाही. शेठनीच तसं करून घेतलंय. तुम्हीच सांगा, कुठलं काढू?"

त्यानं पडदा त्यांच्याकडं वळवला.

पडद्यावर दोन हात होते. तळवे समोर, बोटं वर, दाराशी उमटवलेल्या हळदीच्या हातांसारखे. दाही बोटांची टोकं हिरवी पेटलेली. कुंदाबाई खुर्चीतून पुढं झुकल्या. मातीत गेलं ते गेलं, पांझरा नदीत सोडलं ते वाहून गेलं, कपड्यांचा वासही श्रावणात उडून गेला. आणि इथं, या धुळकट खोलीत, त्यांचे हात जसेच्या तसे होते, त्यांच्या बोटांच्या रेघांनिशी. कुणी आषाढापासून त्यांना शिवलंही नव्हतं.

"वहिनी, मुहूर्त टळतोय!" बाहेरून शेठ म्हणाले. "नसेल जमत तर आज मी बाजारातल्या काट्यावर ट्रॉली पाठवतो."

"एकच बोट हो काकू," भूषण हळू आवाजात म्हणाला.

कुठलं द्यायचं? कुंदाबाई एकेका बोटापाशी जाऊ लागल्या, देवघरातल्यासारख्या. हा उजवा अंगठा, यानं ते तंबाखू मळायचे आणि त्या बघताहेत असं दिसलं की पाठीमागं लपवायचे. ही तर्जनी. संकष्टीला ढगातून चंद्र दिसेना की गच्चीवर उभं राहून याच बोटानं "तो बघ, तो बघ" म्हणायचे. तिथं काही नसायचं. भुकेनं कासावीस झालेल्या बायकोनं जेवावं म्हणून ते ढगातच चंद्र दाखवायचे. हे मधलं, हे अनामिकेचं, ही करंगळी, पुरात ओढ्याच्या मोरीवरून चालताना कुंदाबाईंनी धरली होती ती. मग डावा हात. डावा अंगठा, डावी तर्जनी, मधलं. आणि...

त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"भूषण, हे कुठलं बोट?"

"डाव्या हाताची अनामिका. याला काढू?"

"हे त्यांना नव्हतं."

"काय?"

"हे बोट त्यांना नव्हतंच रे," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला. "मशिनीत गेलेलं. माझ्या लग्नाआधीच."

भूषण पडद्याकडं बघत राहिला, मग त्यांच्याकडं. "पण इथं तर बोट आहे. कुणाचं तरी आहे."

बाहेर आबांनी बिडी पेटवली असावी. धुक्यात एक तांबूस ठिपका उजळला, विझला. लाव. उचल. पुन्हा लाव. अजून एकदा. मिशीतलं ते हसू थट्टेचं नव्हतं तर. आपल्याकडची सगळी बोटं देऊन झाल्यावर एक जागा मोकळी उरली होती, आणि देवानं मागून नेलेल्या बोटाच्या जागी त्यांनी बायकोचं बोट ठेवलं होतं. आणि घरी परतताना चकार शब्द बोलले नव्हते.

कुंदाबाईंनी उजव्या हाताची अनामिका काचेवर ठेवली.

तांबूस उजेड बोटाच्या कडेनं पाझरला. पडदा थरथरला. पुन्हा प्रयत्न करा, असं उमटलं.

"नाही घेत काकू," भूषण म्हणाला. "वेळ जातोय. काढू का एखादं?"

कुंदाबाईंनी बोट नाकाशी नेलं. पहाटेचं चंदन अजून पेरावर पातळ सुकून बसलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं, निगुतीनं, कुणीतरी रुमालानं पुसलं होतं तसं. *कोरडं बोट लाव. गंध पुरे झालं त्याला.*

"थांब जरा," त्या म्हणाल्या आणि बोट पुन्हा ठेवलं.

काट्याचं पान उघडलं. मोठाली पांढरी शून्यं पडद्यावर ओळीनं उभी राहिली.

"तुमचं बोट तर आधीपासूनच आहे की!" भूषण उडालाच. "मग सांगायचं नाही का काकू? उगाच घाम फोडलात मला."

"मलाही आत्ताच कळलं बाळा," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते आपले वाहत होते. "काही काढू नकोस हं त्यातलं. सगळं आहे तसंच राहू दे."

नारळ फुटला. चैत्राम आबांना टोपी-उपरणं मिळालं. ट्रॉली काट्यावर चढली तशी जमीन हलकेच खाली दबली, शून्यं पळाली, आकडे हेलकावत हेलकावत स्थिर झाले. कुंदाबाईंनी पहिली काटापट्टी काढून खिडकीतून बाहेर धरली.

आबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "भाऊ व्हता तवय बी असाच काटा व्हता," म्हणाले. "खरा."

"तेच आहेत अजून काट्यावर, आबा," कुंदाबाई म्हणाल्या. आबांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि ट्रॅक्टर पुढं घेतला. ढग गेल्यासारखा कापूस खिडकीवरून सरकत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हवा तशीच पांढरी होती. आता मात्र ती रुई होती, रात्रीपासून जिनिंग सुरू झालं होतं. कुंदाबाईंनी तुळशीला पाणी घातलं, सहाण धुतली, खोड फिरवलं. अनामिकेनं देवांना गंध लावलं. मग तर्जनी गंधात बुडवली आणि कोनाड्यातल्या फोटोच्या कपाळावर टेकवली. काच गार होती. बोट त्यांनी लगेच उचललं नाही.

त्यांची अनामिका तर रुपचंदांच्या हातातच होती. केव्हाची.

मग ती पुसून, नीट कोरडी करून, कुंदाबाई पोथीपाशी बसल्या. अध्याय संपला की काट्यावर जायचं होतं.