दीड इंच माया

मित्रांनो, ज्याची घडी पुन्हा पहिल्यासारखी घालणे भल्याभल्यांना जमत नाही, असा मी एक जुना नकाशा आहे. उघडलो की जेवणाच्या टेबलाएवढा होतो, मिटलो की शर्टाच्या खिशात मावतो. माझ्या डाव्या अंगाला मोठे शहर आहे आणि त्याच्या खाली समुद्र. उजव्या अंगाला जंगल. मधे डोंगर.

माझा जन्म छापखान्यात झाला. एकेक रंग वेगळा चढला. आधी निळा, मग हिरवा, मग रस्त्यांचा लाल आणि शेवटी काळी अक्षरे. एखादा रंग केसभर जरी सरकला तरी समुद्र जमिनीवर चढतो. माझ्याबरोबरच्या चाळीस प्रती त्यापायीच रद्दीत गेल्या. म्हाताऱ्या तपासनिसांनी माझ्या किनाऱ्यावर भिंग धरले, बराच वेळ पाहिले आणि "हा चालेल" एवढेच म्हणाले. त्या दोन शब्दांचा अभिमान मला आजही आहे.

मला एका ट्रक ड्रायव्हरने विकत घेतले. बारा वर्षे मी त्यांच्या ट्रकमध्ये होतो. चहाला थांबले की ते मला बॉनेटवर पसरत आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवत. एकदा पूल वाहून गेला, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसले होते. माझ्यावर एक बारीक लाल रेघ होती, ती ह्यांनी शोधली. त्या रेघेवरून पुढे मी आणि मागे सात ट्रक! असा मान फार थोड्या कागदांना मिळतो.

मग फोन आले. रस्ता बोलून सांगणारे फोन. मी सीटखाली गेलो, जॅक आणि तेलकट फडक्याच्या शेजारी. चार वर्षे मला कोणी उघडले नाही. शेवटी ड्रायव्हरने ट्रक सोडला आणि शाळेची बस चालवायला घेतली. ट्रक रिकामा करताना त्यांनी मला ओढले. मी जॅकमध्ये अडकलो आणि वरपासून खालपर्यंत उभा फाटलो. समुद्र एका हातात, जंगल दुसऱ्या हातात.

दुसरा कोणी असता तर तिथेच टाकून गेला असता. ह्यांनी मला घरी आणले आणि डिंक लावून स्वतः जोडले. जोडून झाल्यावर स्वतःच्याच कामावर इतके खूश झाले की विचारू नका.

त्यांच्या पत्नी घरी शिवणकाम करत. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, आणि ड्रायव्हरही मास्तरच म्हणत. कापड दोनदा मोजल्याशिवाय त्या कात्री लावत नसत. ड्रायव्हरने मला त्यांच्या शिलाई मशीनवर ठेवले.

"मास्तर, आपलं ठरलं होतं ना, फिरायला जायचं? घ्या. ठरवा."

"आत्ता आठवलं का? तुम्ही सगळं जग बघून आलात. मी फक्त तुमच्या शर्टावरची धूळ बघितली."

"म्हणून तर नकाशाच आणून दिला. आता कुठली धूळ हवी ती निवडा."

त्यांची मुलगी नर्सिंगचे शिक्षण संपवून महिन्याभराने नोकरीसाठी दूर जाणार होती. तिघांना एकत्र मिळणारे सहाच दिवस हातात होते, आणि तिघांना तीन गोष्टी हव्या होत्या. मुलीला शहर हवे होते. तिथले संग्रहालय, घड्याळाचा मनोरा, जुना बाजार. मास्तरांना समुद्र हवा होता, त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. आणि ड्रायव्हरला जंगल. बारा वर्षे ते त्या जंगलाच्या पलीकडच्या कडेने माल घेऊन गेले होते, समुद्राकडून कधीच नाही. तिथे 'गाडी थांबवू नये' अशी पाटी होती, म्हणून ते एकदाही थांबले नव्हते.

"आई, फोनवर बघूया ना. दोन मिनिटांत होईल," मुलगी म्हणाली.

"फोनवर एक गाव बघायला गेलं की बाकीची गावं पळून जातात. मला तिन्ही एकदम दिसायला हवीत. आणि वाटेत तो फोन उघडायचा नाही. माझा दोरा खोटं बोलत नाही."

त्यांनी माझ्या प्रत्येक वळणावर टाचणी लावली. टाचण्यांवरून दोरा फिरवला, मग दोरा सरळ करून मापाच्या टेपवर धरला. एका इंचाला चाळीस किलोमीटर. दोन दिवस शहर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत समुद्र. चौथ्या दिवशी बारा वाजेपर्यंत पाण्यात डुंबायचे आणि मग जंगलाकडे निघायचे. समुद्रापासून जंगल सहा इंच भरले, म्हणजे पाच तासांचा रस्ता. सफारीवाल्यांचा मुक्काम जंगलाच्या आत, आणि सहाला बंद झालेले फाटक सकाळची सफारी सुटल्यावरच उघडते, म्हणजे तासभर हातात. पाचव्या दिवशी पहाटेची सफारी. तिचा परवाना मिळाला तो त्याच एका सकाळचा. चुकला तर चुकला.

मित्रांनो, मला खरे ठाऊक होते. पण कागदाला तोंड नसते.

भाड्याची गाडी ड्रायव्हरच चालवत होते. शहर अगदी दोऱ्याबरहुकूम झाले. मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना ड्रायव्हर तीनदा बसले आणि मुलीने तिन्ही वेळा फोटो काढला. समुद्राचे गावही ठरल्या वेळी आले. मास्तरांची मान ताठ झाली. अंधार पडत होता, म्हणून त्यांनी समुद्र लांबूनच पाहिला. मग म्हणाल्या, "एवढं कापड कोणी विणलं असेल?" आणि पाण्यात सकाळीच उतरायचे असे ठरवून खोलीवर आल्या.

मी खिडकीत पडलो होतो. सगळीकडून दमट, खारा वारा येत होता. त्या वाऱ्याने माझा जुना डिंक ओलावला.

सकाळी भरती ओसरायला साडेदहा वाजले, मग मास्तर टॉवेल खांद्यावर टाकून निघाल्या आणि सवयीने एकदा माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला उचलले तसा मी मधोमध सुटलो. आणि आतून एक पट्टी बाहेर आली. एक नदी, दोन गावे आणि नागमोडी घाट. एवढा सगळा मुलूख इतके दिवस कागदाखाली दडला होता.

मास्तर पलंगावर बसल्या. पट्टीवर टेप ठेवली. दीड इंच.

"अहो," त्यांनी हाक मारली, "हा नकाशा तुम्ही जोडलात ना?"

"मग! किती पक्का बसलाय."

"एकावर एक का चढवलात?"

"तू नाही का ठेवत? शिवणीत जादा कापड ठेवतेस, माया म्हणतेस त्याला. मी म्हटलं, आपणही चांगली दीड इंच माया ठेवावी. म्हणजे सुटायला नको."

मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, माया कापडाला ठेवतात, रस्त्याला नाही! साठ किलोमीटरचा घाट दाबून टाकलात शिवणीत!"

मुलीने हिशेब केला. घाटाचे दोन तास जादा. बाराला निघालो तर पोहोचायला सात. फाटक सहाला बंद. म्हणजे सकाळची सफारी गेली. निघायचे तर आत्ताच.

ड्रायव्हर खाली बघत म्हणाले, "चूक माझी आहे. राहू दे जंगल. तू पाण्यात जा."

"आणि तुम्ही पुन्हा कडेनेच जाणार?"

"मला सवय आहे त्याची."

"मला नाही," मास्तर म्हणाल्या. त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि बॅगेत अगदी तळाला ठेवली. "चप्पल घाला. समुद्र काही सहाला बंद होत नाही."

वाटेत गाडी दोन मिनिटे थांबवून त्यांनी पावले तेवढी भिजवली. पायाला वाळू तशीच ठेवून गाडीत बसल्या.

घाटात मी त्यांच्या मांडीवर होतो, दोन तुकड्यांत. मधली पट्टी उघडी होती आणि तिच्यावर त्यांचे बोट पुढे सरकत होते. "आता डावं वळण. आता उतार. पूल येईल." सगळे तसेच येत होते. छापखान्यात ज्या घाटाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्याच्याच जोरावर आम्ही चाललो होतो. फाटकाशी पोहोचलो तेव्हा सहाला सात मिनिटे कमी होती. पहारेकरी साखळी लावायलाच निघाला होता.

"घाटातून आलात? फोन चालतो का तुमचा तिथे? कोणाचाच चालत नाही," तो म्हणाला.

मास्तरांनी माझे दोन्ही तुकडे खिडकीबाहेर धरले. "आमचा हा चालतो."

दुसऱ्या दिवशी सफारीच्या जीपने पाणवठ्याजवळ इंजिन बंद केले. रानगव्यांचा कळप पाणी प्यायला आला होता, पिल्ले मधे घेऊन. ड्रायव्हर पुढे वाकून बघत राहिले. त्यांचे हात मोकळेच होते, स्टीअरिंग दुसऱ्याच्या हाती. खूप वेळाने हळूच म्हणाले, "मास्तर, थांबलो बघ." मास्तर गव्यांकडे बघत नव्हत्या. त्या ड्रायव्हरकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मास्तरांनी माझ्या कडा एकमेकींना टेकवल्या आणि मागून पातळ सुती पट्टी खळीने चिकटवली. आता माझ्यावर नदी नदीच्या जागी आहे आणि घाट घाटाच्या. असे काम छापखान्यातही झाले नसते.

त्याला पाच वर्षे झाली. मास्तर गेल्या वर्षी वारल्या. समुद्रावर पुन्हा जायचे दरवर्षी ठरे आणि दरवर्षी शिवणाचे काम मधे येई. ड्रायव्हर मला कोणाला हात लावू देत नाहीत. शेजारी कोणी सहलीला निघाले की त्यांना समोर बसवतात, दोरा आणि टाचण्या देतात. पण मला उघडतात आणि मिटतात ते स्वतःच.

गेल्या रविवारी मुलगी सुट्टीवर आली होती. ड्रायव्हरने मला टेबलावर पसरले आणि एकच टाचणी लावली.

"फक्त समुद्र?" तिने विचारले. "किती दिवस, बाबा?"

"दिवस नाही. सकाळ. तिची एक सकाळ राहिली आहे."

मुलीने दोरा घेतला, टाचणीपर्यंत नेला आणि टेपवर धरला. मग पुन्हा एकदा मोजला.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा जुना नकाशा असेल. त्याला सीटखाली कोंबू नका. फाटला तर जोडा, पण जोडताना त्याच्यावरचे एकही गाव झाकू नका. आणि त्याच्यावर कोणी बोट ठेवून "इथे जायचंय" म्हणाले, तर लवकर निघा. मी परवा निघतो आहे.