हलका पाटा

"आवं, माझी सवत उठली का न्हाई आज?"

आतल्या खोलीतून खातूनबीचा आवाज आला तेव्हा रसूल गाडीखाली पाठीवर पडला होता. गाडीचं मागचं अंग लाकडी ओंडक्यांवर उचललेलं, चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि त्याच्या भुवयांवर गंजाचा तांबडा भुगा.

"उठंल," तो खालूनच म्हणाला. "तुझ्यागत लोळणारी न्हाई ती."

"लोळतीया म्हनं! या हितं, आन् पडून दावा एक दीस."

रसूल हसला. मग हसू कुठं ठेवावं ते न कळून त्यानं पाना उचलला आणि गंजलेल्या नटाला लावला.

विट्यातल्या त्या गल्लीत ही लाल गाडी सगळ्यांना ठाऊक होती. दोनच माणसांची, जमिनीलगत बसलेली, छप्पर नसलेली. फलटणचे वीरधवल नावाचे शौकीन गृहस्थ ती एकदा रसूलकडं घेऊन आले होते. मागचा पाटा मोडलेला. "सवडीनं कर रे," म्हणाले. रसूल कमानपाट्याचा कारागीर. ट्रकच्या, ट्रॉलीच्या पोटाखाली लोखंडी पानांची जी कमान असते, ती तापवून, ठोकून, बाक देऊन बसवायची, हे त्याचं जन्माचं काम. पण सवड कुठली? उसाच्या गाड्या आल्या, पाण्याचे टँकर आले, मेंढरं वाहणारे टेम्पो आले. एक हंगाम सरेस्तोवर दुसरा दारात. तेवढ्यात वीरधवल गेले, आणि त्यांच्या माणसांनी निरोप धाडला, राहू दे तुझ्यापाशीच.

राहिली ती अंगणातच. खातूनबीनं तिच्या पाठीवर शेवया वाळवल्या, सीटवर मिरच्या पसरल्या. तिच्या सावलीत कोंबड्या खुडूक बसल्या. पण ईदच्या दिवशी नवा सदरा घालण्याआधी रसूल तिला धुऊन काढायचा आणि इंजिन चालू करून कान देऊन ऐकत उभा राहायचा. तेव्हापासून ती सवत झाली.

आता खातूनबीचं दुखणं हाडांत उतरलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात तिला आडवीच न्यायचे, आडवीच आणायचे. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मुलीला, मिस्बाहला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता आणू नका. घरीच सांभाळा. फक्त पाठीच्या कण्याला दणका बसू देऊ नका.

त्या दिवशी घरी येऊन खाटेवर टेकल्यावर खातूनबी म्हणाली, "घरात वर पत्रा. दवाखान्याच्या गाडीत वर पत्रा. दवाखान्यात बी पांढरा पत्रा. मला आभाळ दाखवा कुणीतरी."

रसूलनं खाट अंगणात काढली. तिनं वर पाहिलं. इकडं शेजाऱ्यांचा वाढलेला मजला, तिकडं पाण्याची टाकी.

"ही फट हाय," ती म्हणाली. "आभाळ न्हवं. आटपाडीच्या वाटंवर असतंय त्ये आभाळ. माझ्या म्हायेरचं." मग मान वळवून गाडीकडं बघत राहिली. "माझ्या सवतीला छप्पर न्हाई न्हवं? तिच्यातनं न्या."

मिस्बाह कऱ्हाडहून आईच्या सेवेला येऊन राहिली होती. तिनं त्याच वेळी सांगितलं, "अब्बा, ती काही तरी बोलते, तुम्ही नादी लागू नका. एक दणका बसला तर मणका जाईल. मग रडून काय उपयोग?"

"दणका बसायचा न्हाई," रसूल म्हणाला. "दणका खाणारं लोखंड करणं ह्योच माझा धंदा हाय, पोरी."

आपल्या बंद पडलेल्या दुकानातून त्यानं ऐरण घरी आणली, भाता आणला. जुनी कमान सोडवली तेव्हा मोडकं पान भाकरीसारखं तुटून हातात आलं. त्यानं नवी पानं कापली, अंगणातच भट्टी पेटवून लाल केली, बाक दिला, तेलात बुडवून कणखर केली. खातूनबी आतून घणाचे घाव ऐकायची. दुखायचं तेव्हा ती घावासंगं श्वास सोडायची. रसूलला ते ठाऊक नव्हतं. मिस्बाहला होतं.

कमान बसली, चाकं चढली, आणि गाडी ओंडक्यांवरून उतरवली तेव्हा शेजारचा आकाराम कमरेवर हात ठेवून बघत होता. आकाराम जातीचा धनगर, पण जन्म गेला ट्रक हाकण्यात. त्याच्या ट्रकचे पाटे रसूलनंच केलेले.

"रसूलभाई," तो म्हणाला, "ही गाडी हाय का शेपूट वर केल्यालं बोकड?"

खरंच, गाडीचं मागचं अंग उचललेलं होतं, नाक जमिनीला.

"बस तर खरं."

आकाराम बसला. रसूलनं गाडी गल्लीतून काढली. गटाराची फरशी आली आणि आकारामचे दात एकमेकांवर आपटले.

"आरं आरं आरं! थांबीव!" जबडा चोळत तो खाली उतरला. "वैनीला ह्यात न्हेनार? मागं ऊस भरायचा हाय का काय?"

रसूल खाली उतरला. चाकापाशी उकिडवा बसून तो आपले हात बघत राहिला. हातांनी त्यांना जे येत होतं तेच केलं होतं. सगळ्या आयुष्यात त्याच्या दारात जो आला तो हेच म्हणत आला, रसूलभाई, दबला नाही पाहिजे. ओझ्याखाली न दबणारा पाटा, एवढीच त्याच्या कामाची तारीफ. हलक्या गाडीसाठी, एका दुखऱ्या माणसासाठी लवणारं लोखंड त्याच्याकडं कुणी मागितलंच नव्हतं.

"कळंना मला, आकाराम," तो हळूच म्हणाला. "मऊ कसं करायचं त्ये मला ठावंच न्हाई."

"आरं गड्या, मेंढराला बांधायची दोरी आन् रेड्याला बांधायची दोरी एक आसती व्हय? पातळ कर की."

परत ओंडके, परत पाना-पक्कड. रसूलनं काही पानं काढून टाकली, उरलेल्यांचा बाक भट्टीत उतरवला. पानांच्या टोकांमध्ये सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या, सांध्यांना नवं रबर भरलं. प्रत्येक पानाच्या कडा कानशीनं अशा घासल्या की बोट फिरवलं तर अडू नये. आणि अंदाजासाठी खातूनबीच्या जागेवर शाळूचं पोतं ठेवलं.

"कुणाचं पोतं त्ये?" आतून आवाज.

"तुझं वजान धरलंय."

"हाय अल्ला! पोत्याला माझं नाव ठिवलं! आकारामभावजी, ऐकताय का न्हाई?"

"ऐकतोय की वैनी. पोतं लय कमी पडतंय म्हन्लं, पर ह्यो ऐकना."

ती हसली. मग हसणं खोकल्यात गेलं, खोकला कण्हण्यात, आणि अंगणातली दोन्ही माणसं मान खाली घालून कामाला लागली.

पोत्यासकट गाडी आता सपाट उभी राहिली. रसूलनं पोत्याच्या पुढ्यात काठोकाठ पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती गटाराच्या फरशीवरून नेऊन आणली. मिस्बाह दारात उभी होती. तिनं येऊन तांब्या पाहिला. कडेला एक ओघळ तेवढा होता.

तिनं तो बोटानं टिपला. "उद्या सकाळी ऊन कोवळं असतानाच न्या," अखेर म्हणाली. "आणि हळू."

सकाळी खातूनबीनं हिरवी साडी नेसवून घेतली. मिस्बाह आणि आकारामची बायको हरणाबाई, दोघींनी तिला गोधडीत घेऊन बाहेर आणलं. रसूल सवयीनं मागच्या चाकापाशी बसला होता. पाटा वजन कसं घेतो ते बघण्यासाठी. माणूस बसलं की चाकावरचा पत्र्याचा गोल काठ खाली येतो. किती येतो त्यावर त्याला सगळं कळायचं.

तो वाट बघत राहिला. काठ हलला नाही.

"बसवा की आता," तो म्हणाला.



"बसवली, अब्बा," मिस्बाह म्हणाली.

रसूलनं मान वर केली. उशांच्या मधोमध खातूनबी बसलेली होती. कधीच बसलेली होती. साडीचा घोळ सीटभर, आणि आत ती एवढीशी. त्यानं पोतं भरलं होतं ते आठवणीतल्या बाईचं, शेवयांची परात डोक्यावर घेऊन अंगणभर फिरणारीचं. ती बाई कधी कमी होत गेली ते रोज उशाशी बसूनही त्याला कळलं नव्हतं. लोखंडाला कळलं.

"काय झालं वं?" खातूनबीनं विचारलं.

"काय न्हाई. एक पान काढायचं ऱ्हायलंय."

"अब्बा, उद्या करा. आज ती दमेल."

"मी न्हाई दमत," खातूनबी म्हणाली. "मला खाटंवर ठिवा हितंच. करू द्या त्येंला."

तिला अंगणातल्या खाटेवर निजवलं. हरणाबाई पदरानं तिच्या तोंडावर सावली धरून बसली. रसूलनं गाडी परत उचलली, कमानी सोडल्या, दोन्हीकडचं एकेक पान काढलं आणि राहिलेली पानं पुन्हा आवळली. आकाराम हातात पाना-पक्कड देत होता. एकदा रसूलच्या हातातून नट निसटून खाली गेला, तो त्यानं उचलून, धोतराला पुसून, गुमान त्याच्या तळहातावर ठेवला.

दुसऱ्यांदा खातूनबीला बसवलं तेव्हा काठ जरासा खाली आला. जरासाच. रसूलनं डोळे मिटून उघडले आणि तो उठला.

गटाराची फरशी आली. गाडी खाली गेली, वर आली. मिस्बाह मागून पळत आली होती. तिनं आईचं तोंड पाहिलं.

"पाळना हाय," खातूनबी म्हणाली. "जा तू घरी."

खानापूर मागं पडलं आणि माळ सुरू झाला. बाभळी ठेंगण्या, घरं विरळ. खातूनबी मान मागं टाकून पडली होती. पवनचक्क्यांची पाती तिच्या डोळ्यांवरून सावकाश फिरून जात. एक घार कुठंही जायचं नसल्यासारखी तरंगत होती. खातूनबी ओठातल्या ओठात काही जुळवत होती. लहानपणी जात्यावर शेजारणींसंगं बसून लागलेली ती खोड. मग वाऱ्यातच तिनं म्हटलं:

"दाराम्होरं मोटार, तिला न्हाई गं छप्पर
आभाळाचा पदर, माझ्या आला खांद्यावर"

रसूलनं रस्त्यावरची नजर काढली नाही. खड्डा दिसला की तो गाडी अशी वळवायचा की जणू पाण्याची घागर वाहतोय.

"केवढं हाय वं," ती म्हणाली.

"काय?"

"ह्ये समदं." थोड्या वेळानं म्हणाली, "दुखंना आत्ता."

"खरंच?"

"खोटं कशाला बोलू? तुमच्या पाट्याला बरं वाटावं म्हनून?"

त्यानं गाडी घराकडं वळवली तेव्हा ती अजून बोलत होती. आटपाडीच्या बाजाराचं, बापाच्या बांगड्यांच्या टोपलीचं, कुठल्या तरी मेंढीनं तिची ओढणी खाल्ली त्याचं. मग शब्द लांब लांब पडू लागले. मग नुसता श्वास, सरळ, संथ. गोळीशिवाय ती अशी झोपलेली त्यानं कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. तिचं डोकं त्याच्या दंडाला येऊन टेकलं. त्याचंही वजन लागलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी मिस्बाह उभी होती. हातात औषधाची गोळी आणि पाण्याचा पेला. गाडी दिसताच तिनं हात वर केला.

रसूलनं ओठांवर बोट ठेवलं आणि दंडावरच्या झोपलेल्या डोक्याकडं नजरेनं खुणावलं. गाडी गल्लीत वळली नाही. आहे त्याच चालीनं ती पुढं निघाली, नाक्याकडं, जिथून रस्ता पुन्हा माळाला लागतो.

मागून उसानं भरलेला ट्रॅक्टर येत होता, गाणी लावून, भोंगा वाजवत. मिस्बाह रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि काही ओरडला. पेल्यातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, पण लाल गाडी वळणाआड दिसेनाशी होईतो तिनं हात खाली घेतला नाही.