भिंत आधी, चेहरा नंतर

फोटोत माणूस घुसवण्याचं काम मी पोटासाठी करतो, हौसेनं नाही. कुणाचा भाऊ लग्नाला पोचला नाही म्हणून तो मागच्या रांगेत उभा करून हवा असतो, कुणाला आजोबांच्या मांडीवर त्यांनी कधीच न बघितलेलं पणतवंड हवं असतं. मी करून देतो. माणूस कापून आणून चिकटवणं शाळेतलं पोरही करेल. त्याच्या अंगावरचा उजेड इथल्या उजेडाशी जुळवायचा म्हटलं की घोडं अडतं. उजेडाला रंग असतो असं मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा ते मान डोलावतं आणि फोटो कधी मिळेल ते विचारतं.

तर अशीच एक ऑर्डर परवा घरातूनच आली.

थोरली लेक बाळाला घेऊन राहायला आली होती. जावईही आले होते. स्टुडिओ घराच्या पुढच्या खोलीतच आहे, तेव्हा म्हटलं, सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे. बाळ चक्क रडलं नाही आणि जावयांनी डोळे मिटले नाहीत, इतका चांगला फोटो. बायकोनं तो स्क्रीनवर बराच वेळ बघितला.

"धाकटा नाही यात," ती म्हणाली.

"तो इथे नाहीच, तर फोटोत कुठून येणार?"

"लोकांचे आणता की."

मी चष्मा पुसत बसलो.

धाकटा म्हणजे आमचा मुलगा. तो दूरच्या शहरात एका छापखान्यात नोकरीला आहे. लहानपणापासून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून त्यानं हे काम शिकून घेतलं. बोटं माझ्यापेक्षा चपळ, डोळा जवळजवळ माझ्याइतका. म्हातारपणी शिंगं मोडून वासरांत शिरल्यासारखा मी कॉम्प्युटर शिकलो, तो त्याच्याच जोरावर. पण एक खोड त्याची कधी गेली नाही. फोटो उघडला की हा थेट चेहऱ्याला हात घालायचा. मी ओरडायचो, अरे, आधी भिंत बघ. भिंत, कागद, उशीचा अभ्रा, जे मुळात पांढरं असतं ते आधी पांढरं कर, मग चेहरा आपोआप जागेवर येतो. तो म्हणायचा, बाबा, लोक भिंतीचे फोटो काढायला येतात का? आणि हसायचा.

मग एक दिवस तो म्हणाला की जन्मभर दुसऱ्यांच्या आत्या-मावश्या गोऱ्या करत बसायचं नाही मला. मला ते लागलं. माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही, आणि हा तर माझाच मुलगा. मी म्हणालो, जा. पण परत येशील तो तुझा तू ये, मी ये म्हणणार नाही. तो गेला. तिसरं वर्ष चालू आहे. आईला फोन करतो, मला तिच्याकरवी निरोप येतात, मी तिच्याकरवी बरं म्हणतो.

मला त्याची फार आठवण येते. हे मी कुणाजवळ बोललो नाही, पण येते. तो आईला फोटो पाठवायचा तेव्हा ती झोपली की मी तिचा मोबाइल घ्यायचो आणि तो राहतो ती खोली बघायचो. खिडकी डाव्या हाताला, तिला पडदा नाही, भिंत पांढरी. भिंतीवर हात ठेवला तर गार लागेल की कोमट, एवढंही मी ठरवून टाकलं होतं. मग गेल्या काही महिन्यांत फोटो बंद झाले. फोनवर चेहराही दिसेना. कॅमेरा बिघडलाय, तो आईला म्हणाला.

हिनं त्याला फोटो मागितला तेव्हा त्यानं आधी टाळाटाळ केली. चार दिवसांनी फोटो आला. तीच खोली, तीच भिंत, हा खिडकीकडे थोडा वळून उभा. जरा वाळला होता. छापखान्यात खायला वेळ मिळत नसेल, ही म्हणाली आणि फोटो माझ्या हवाली करून आत गेली.

दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. आमचा ऊबदार, त्याचा निळसर. अख्खा फोटोच निळसर, भिंत, कागद, उशी, सगळं. म्हटलं, स्वस्तातला मोबाइल असेल. आणि नेहमीच्या सवयीनं आधी भिंतीला हात घातला. ड्रॉपर घेऊन भिंतीवर टेकवला की त्या जागचे लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आकडे समोर येतात. पांढऱ्याचे तिन्ही सारखे हवेत. निळा पुढे पळाला होता, त्याला मी बाकीच्यांच्या ओळीत आणला. भिंत पांढरी झाली. कॅलेंडरचा कागद पांढरा झाला. मागच्या खाटेवरची उशीही पांढरी झाली.

आणि धाकटा पिवळा झाला.

मी केलेलं पुसलं आणि पुन्हा केलं. भिंतीची दुसरी जागा धरली, मग खिडकीची चौकट धरली. पुन्हा तेच. काविळीच्या डोळ्यांना सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे जग पांढरंशुभ्र होतं आणि तेवढा माझा मुलगा पिवळा होता. मला वाटलं, चेहऱ्यासमोर एखादा पिवळा दिवा असेल. तसं असेल तर तो डोळ्यात दिसतो. बाहुलीवर दिव्याचा ठिपका उमटतो, तो लपत नाही. मी डोळा मोठा केला. बाहुलीत फक्त खिडकी होती, चार तावदानांची. आणि बुबुळाभोवतीचं पांढरं त्याच्या दातांहून पिवळं होतं.

तेव्हा मला कळलं. फोटो मोबाइलनं निळा केला नव्हता, त्यानं स्वतः केला होता. चेहऱ्यावरचा पिवळा मारायला सगळ्या फोटोत निळा ओतला होता, चेहरा जागेवर आल्याबरोबर हात काढला होता, आणि भिंतीकडे बघितलंच नव्हतं. जित्याची खोड, म्हणतात. म्हणीचा पुढचा भाग मला मनातसुद्धा आणवला नाही.

मी त्याला फोन लावला. तो गेल्यापासून मी स्वतःहून लावलेला हा पहिला फोन. त्यानं लगेच उचलला.

"आईला काही झालंय का?"

"आईला काही नाही. तुला काय झालंय?"

"मला काय होणार?"

"तुझा फोटो उघडलाय समोर."

"तो होय. खोलीतला बल्ब पिवळा आहे, बाबा."

"बल्ब पिवळा असता तर भिंतही पिवळी झाली असती."

पलीकडे कुणी तरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "भिंत राहिली वाटतं."

"राहिली."

"तुम्ही स्वतः जुळवाल असं वाटलं नव्हतं. वाटलं, आई कुणाकडून तरी करून घेईल."

"किती दिवस चाललंय?"

"बरेच दिवस झाले. लिव्हरचं आहे. औषधं चालू आहेत, पण उतरत नाही. दवाखान्यात भरती व्हा म्हणतात. घरचं कुणी बरोबर आणा म्हणाले. मी म्हटलं, बघतो."

घरचं कुणी. मला संताप आला, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना. इतके दिवस मी माझा हट्ट जपला होता, आणि त्यातले कितीतरी दिवस हा दवाखान्याच्या बाकावर एकटा बसला होता.

"एवढं लपवायचं होतं तर फोटो तरी कशाला पाठवलास? नाही म्हणायचं होतंस आईला."

"म्हणणार होतो." त्याचा आवाज लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा झाला. "पण ताईचं बाळ आहे त्यात, तुम्ही सगळे आहात. मला त्या फोटोत यायचं होतं, बाबा."

स्क्रीनवर तो तसाच उभा होता. ओठ जेमतेम उघडलेले, हसण्याचा प्रयत्न केलेला, खरा रंग उघडा पडलेला. एवढा दमलेला असताना त्यानं कंगवाही फिरवला होता. माझे डोळे भरून आले आणि सगळे आकडे एकमेकांत मिसळले.

"ये," मी म्हणालो. "घरी ये."

"येववत नाही, बाबा. जिना उतरलो तरी पायरीवर बसायला लागतं."

हा शब्द तोंडातून काढायला मी इतका उशीर केला होता की आता तो त्याच्या काही उपयोगाचा नव्हता. मी पत्ता विचारला. माझ्या मुलाचा पत्ता मला माहीत नव्हता. त्यानं सांगितला, मी दोनदा म्हणून घेतला आणि दार आतून लावू नकोस एवढं बजावून फोन ठेवला.

ही हात पुसत दारात येऊन उभी होती. तिनं काय काय ऐकलं होतं कोण जाणे. तिची नजर स्क्रीनवर गेली.

"अहो, असा कसा दिसतोय तो? जुळत नाही का रंग?"

"जुळलाय," मी म्हणालो. "बॅग भर. दोघांचे कपडे घे."